बिनचष्म्याचा फोटो

१ डिसेंबर, सोमवार

दुकानात पाय ठेवते तोच मॅडम स्टुलावर उभ्या, दातांत चिकटपट्टी. शोकेसमधल्या महागड्या फ्रेमा हलवून तिथे ती मोठी पारदर्शक पेटी ठेवली आहे. वरून दिव्यांची माळ गुंडाळून! म्हणजे सुट्ट्या आल्या. दर डिसेंबरचंच आहे. लोकांनी घरातले जुने चष्मे आणून पेटीत टाकायचे. मग ते मी धुवायचे, नंबर मोजायचे, चिठ्ठ्या बांधायच्या. सुट्ट्यांच्या तोंडावर पेटी ट्रकनं लांबच्या कुठल्याशा दवाखान्यांना जाते. तिथे कुणाकुणाच्या नाकावर ते चष्मे बसतात म्हणे. बसोत.

पण ह्या वर्षी नवं खूळ निघालंय. पेटीमागच्या भिंतीवर आम्हा चौघांचे मोठ्ठाले फोटो. मॅडम, काउंटरवरची पोरगी, काचा बसवणारे फिटिंगकाका आणि मी. ज्यानं आपल्या घरातला चष्मा दिला त्याच्या फोटोला मार्करनं चष्मा काढायचा. मॅडमनी स्वतःच्या फोटोला लगेच लाल चष्मा काढून घेतला. म्हणाल्या, "आपण दिलं नाही तर गिऱ्हाईक कशाला देईल? आणि दुकानातला उचलून टाकायचा नाही हं! स्वतःच्या घरातला हवा. जिवाला थोडं लागलं पाहिजे, तर ते देणं."

सगळे हसले. मीही हसले.

३ डिसेंबर

काउंटरवरचीनं आजीचा चष्मा आणला. तिच्या फोटोला गोल निळा. पोरगी दिवसभर स्वतःच्याच फोटोसमोरून ये-जा करत होती.

माझं काय? माझे डोळे ठणठणीत. चष्म्याच्या दुकानात जन्म गेला, पण कानावर कधी काडी चढली नाही. सासूबाईंचा एकच चष्मा, तो त्यांच्या डोळ्यांवर. त्याच्या आधीचा होता त्याच्या काड्या काढून मी ह्याला लावल्या.

घरात तसा एक आहे. टीव्हीशेजारी, काळ्या डबीत. पण तो ह्यात धरायचा नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

लोक काय काय देतात! एक काच नसलेला. दोन्ही काचा नसलेला. बाहुलीचा. सिनेमागृहातून उचललेला पुठ्ठ्याचा. एका साहेबांनी तडकलेला गॉगल दिला आणि पेटीसोबत स्वतःचा फोटो काढून घेतला. मग दुसरा काढून घेतला, कारण पहिल्यात डोळे मिटले होते.

आणि हे सगळं धुवायला मी! दुकान बंद झाल्यावर मागच्या मोरीत उभं राहून, थंड पाण्यात, साबणाचा फेस कोपरापर्यंत. काड्यांच्या सांध्यांत लोकांचा वर्षानुवर्षांचा मळ. जुना टूथब्रश घेऊन घासायचा. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या त्या आम्हीच.

आज मोरीतून तशाच ओल्या हातांनी बाहेर आले, ट्रेभर चष्मे घेऊन. एक बाई भिंतीकडे बघत मॅडमना म्हणाल्या, "ह्यांनी काही दिलं नाही वाटतं?"

माझ्या हातात ट्रे! तो ट्रे त्यांना दिसला नाही. फोटो दिसला.

८ डिसेंबर

मॅडमनी चहाला आत बोलावलं. बिस्किटं काढली, तेव्हाच ओळखलं.

"हे बघ, मी कुणावर जबरदस्ती करत नाही," म्हणाल्या. जबरदस्ती करणारी माणसं पहिलं वाक्य हेच बोलतात. "पण गेल्या वर्षी तुझ्यावर वेळ आली तेव्हा सगळे धावलेच ना? आता तुझी पाळी. घेतलेलं हात फिरवून पुढे द्यायचं असतं."

गेल्या वर्षीची टोपली. नवरा घर सोडून गेला त्याला तेव्हा थोडेच दिवस झाले होते. तांदूळ, तेल, साखर, साबण, वरून लाल रिबिन. ह्याच पेटीशेजारी मला उभं करून फोटो काढला होता. मी हसतेय त्यात. सासूबाईंनी साखर पुरवून पुरवून वापरली. रिबिन मी कचऱ्यात टाकली, तर त्यांनी ती काढून, इस्त्री करून गादीखाली ठेवली. "लागेल कधीतरी," म्हणाल्या.

मॅडम वाईट नाहीत, हीच तर पंचाईत आहे. वाईट असत्या तर तोंडावर दोन शब्द बोलून मोकळी झाले असते. मी बिस्कीट खाल्लं आणि "बघते," म्हणाले.

९ डिसेंबर

राहिलो फिटिंगकाका आणि मी. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचंही टाळतो.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काउंटरवरचीला माझी दया आली असावी. सकाळी गुपचूप माझ्या मुठीत काहीतरी कोंबलं. "आजीकडे अजून एक होता. तुमचा म्हणून द्या. कुणाला कळतंय!" नको म्हणायला हवं होतं. पण मनात आलं, सुटका होईल. घेतला. दुपारी मॅडमपुढे धरला.

मॅडमनी उलटसुलट केला. नाकावर चढवून बघितला. आणि हसायलाच लागल्या. "अगं, ही तर हिच्या आजीची फ्रेम! मीच विकलीय. ही उजवी काडी बघ, मोडली होती म्हणून मी तपकिरीला काळी लावून दिली होती!"

ज्या बाईनं विकलेली प्रत्येक फ्रेम नातवंडासारखी लक्षात ठेवलीय तिला फसवायला निघाले होते मी! चार गिऱ्हाइकं उभी. "पकडली चोरी!" म्हणून मॅडमनी टाळीसाठी हात पुढे केला. मीही टाळी दिली. काय करणार.

काउंटरवरची संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिलाही ऐकून घ्यावं लागलं असेल.

१४ डिसेंबर, रविवार

रविवार म्हणजे त्याचा फोन. सासूबाईंच्या मोबाइलवर. वाजला की त्या गॅलरीत जातात आणि दार ओढून घेतात. मी स्वयंपाकघरात नळ सोडून भांडी घासते. नाही तर कान तिकडेच राहतात. तरी "जेवलास का" आणि "अंगावर घेत जा रे काहीतरी" एवढं ऐकू येतंच.

कुठल्याशा गोदामात आहे. गाड्यांत माल चढवतो. एवढंच सासूबाईंनी सांगितलंय. वर्ष होत आलं. माझा नंबर त्याला पाठ आहे. होता तरी.

फोन झाला की त्या आत येतात, फडका घेतात आणि टीव्हीशेजारची डबी पुसतात. उघडत नाहीत. काचेला बोटं लागतील म्हणून. हे त्यांना मीच एकदा सांगितलं होतं. त्या तशा रोजच पुसतात, पण रविवारी जरा जास्त वेळ.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज लिहूनच टाकते. नाही तर झोप लागायची नाही.

नणंद दुकानात आली, काडी सैल झालीय म्हणून. मी स्क्रू आवळत होते तर ही भिंतीकडे बघतेय. "वहिनी, तुझा फोटो असा उघडा का गं?"

मॅडमनी हौसेनं सगळी पेटीची कथा सांगितली. वर म्हणाल्या, "तुमच्या वहिनींच्या घरात चष्माच नाही म्हणे!"

"नाही कसा? दादाचा आहे की! नवाकोरा. एकदा नाकाला लावला नाही त्यानं. टीव्हीपाशी पडलाय." मग माझ्याकडे वळून, आवाज बारीक करून — पण फार बारीक नाही — "दे की मग. ज्याच्या पोटावर पाय दिलास त्याचा चष्मा जपून काय करणारेस?"

मी स्क्रू आवळला. चष्मा पुसून तिच्या हातात दिला.

तो बस चालवायचा. बसकंपनीच्या ड्रायव्हरांचे डोळे दरवर्षी आमच्याच दुकानात तपासायला येतात. त्या दिवशी मॅडम गावाला, म्हणून तपासायला मी. आता, हा रोज संध्याकाळी मला न्यायला यायचा. मी आवरेपर्यंत समोरच्या बाकावर बसून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायचा. किती वर्षं! पाठच झाला होता त्याला. घरी भाजी निवडताना तालावर म्हणून दाखवायचा, आणि सासूबाईंना हसून हसून ठसका लागायचा.

तर त्या दिवशी साहेब जुना चष्मा लावून खुर्चीत बसले आणि घडाघडा सुरू झाले. वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या मुंग्यांपर्यंत. मी तक्त्याचा दिवासुद्धा लावला नव्हता अजून!

मला हसू आलं. त्यालाही आलं. मग मी तक्ता फिरवला. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं असतात. दिवा लावला. वरच्या दोन-तीन ओळी झाल्या आणि तो अडला. "अगं..." म्हणाला. एवढंच.

त्या गाडीत शाळेची पोरं बसतात. म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन बसतात. मी होता तो नंबर लिहिला. कंपनीचा नियम असा की एवढ्या नंबराच्या पुढे गाडी हातात द्यायची नाही. डेपोत तिकिटाच्या खिडकीवर बसायचं काम देत होते. हा बसला नाही. गाडी नाही तर काहीच नाही.

मी त्याच आठवड्यात त्याला चष्मा करून दिला. काच घासली मी, बसवली मी, फ्रेम त्याच्या आवडीची, जराशी चौकोनी. त्यानं डबी उघडलीसुद्धा नाही. "तू केलेला चष्मा मी मेलो तरी घालणार नाही," म्हणाला. जुनाच घातला आणि पिशवी घेऊन निघून गेला.

नणंद म्हणते मी त्याच्या पोटावर पाय दिला. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला काय सांगणार? पण उद्या तोच दिवस परत आला तर मी परत तक्ता फिरवीन. आणि परत अशीच रडत बसेन.

१७ डिसेंबर

व्हायचं तेच झालं. मॅडमना आता तो चष्मा घरीच आहे हे कळलंय!

"नवाकोरा! अगं, पेटीत एक तरी धड आहे का? आणि एवढा मोठा नंबर सहसा मिळत नाही. कुणीतरी बिचारा चाचपडत असेल तिकडे." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तुझ्यासाठीही बरं असतं गं. धरून किती बसायचं?"

म्हणजे आता मी नुसती चिक्कू नाही. कुठला तरी बिचारा माझ्यामुळे चाचपडतोय.

काउंटरवरची बोलायला लागली परत. जेवताना म्हणाली, "मी असते ना, तर माणसासाठी थांबले असते. काचेसाठी कशाला थांबायचं?" वीस-बावीसची पोर. तिला काय सांगू की आमच्यात आता ती काचच तेवढी उरलीय.

१९ डिसेंबर

फिटिंगकाकांनी दिला. वडिलांचा. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तो चष्मा त्यांच्या कामाच्या खणात असायचा. मी पाहिलाय, पेचकसांच्या बाजूला, मऊ कापडात. मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्या फोटोला हिरवा चष्मा काढला.

नंतर मागे मोरीपाशी मला म्हणाले, "मलाही द्यायचा नव्हता हो."

त्यांनी हात धुतले आणि कामाला बसले. खण उघडा होता. दिवसभर उघडाच होता.

२० डिसेंबर

भिंतीवर आता एकच बिनचष्म्याचं तोंड आहे. ते माझं.

गिऱ्हाईक पैसे देता देता बघतं. मग माझ्याकडे बघतं. मग परत फोटोकडे. एकानं तर मार्कर उचलून मॅडमना विचारलं, "ह्यांना मी काढून देऊ का?" केवढा हशा!

२१ डिसेंबर, रविवार

आज नळ सोडला नाही. गॅलरीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. काचेतून सासूबाईंची पाठ दिसत होती. बराच वेळ त्याच बोलत होत्या, हातवारे करून. तो ऐकत असावा.

आत आल्या तेव्हा विचारलं. वर्षात पहिल्यांदा. "आई, माझं काही विचारतो का तो?"

त्यांनी फडका शोधला. "काय विचारणार? तोंड आहे का त्याला?"

झालं. मिळालं उत्तर. वर्षभर एका शब्दानं विचारलं नाही माझं. मेली का जिवंत आहे एवढंसुद्धा नाही! आणि मी इकडे सगळ्या दुकानाची बोलणी खातेय. कशासाठी? ज्यानं उघडून बघितला नाही त्या चष्म्यासाठी!

इतका राग कधीच आला नव्हता. त्याचा, मॅडमचा, त्या भिंतीचा. आणि सासूबाईंचाही, डबी पुसत बसतात म्हणून.

२२ डिसेंबर, सोमवार

दिला.

सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या तेव्हा डबी उघडली. चष्मा रुमालात गुंडाळला आणि डबी मिटून होती तिथेच ठेवली. पेटीत डब्या घेत नाहीत, जागा फार खातात. हे खरंच आहे, पण मी काही त्यासाठी ठेवली नाही. त्यांना काय सांगायचं ते सुचलं नाही म्हणून ठेवली.

दुकानात मॅडमपुढे रुमाल सोडला. त्यांनी तो उलटसुलट बघितला. मग मला जवळ घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते. खरंच भरून आले होते, नाटक नव्हतं. मग सगळ्यांना हाका मारल्या, टाळ्या झाल्या आणि मार्कर आला. "जाड काढते हं, नंबर जाड आहे ना!" काळा, चौकोनी. उभी असलेली दोन गिऱ्हाइकंही टाळ्या वाजवत होती.

"मोकळं वाटतंय ना?" मॅडमनी विचारलं.

"हो," म्हटलं.

कसलं मोकळं! भर बाजारात कुणी अंगावरची शाल ओढून घेतल्यासारखं वाटत होतं. फक्त फिटिंगकाकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते खाली मान घालून काच घासत होते.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज शेवटच्या चिठ्ठ्या. एकेक चष्मा नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवायचा, भिंगातून बघायचं, रेघा जुळल्या की आकडा लिहायचा आणि चिठ्ठी दोऱ्यानं काडीला बांधायची. त्याचा मुद्दाम शेवटी ठेवला होता.

नंबर मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. तरी यंत्रावर ठेवला. काच पुसली. डोळा लावला. रेघा अशा काही जुळल्या, केसाचाही फरक नाही! एवढं चोख काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल. ह्यातून त्याला खालच्या ओळीतल्या मुंग्यासुद्धा दिसल्या असत्या. एकदा लावून बघितला असता तर.

चिठ्ठीवर नंबर लिहिला. खाली 'पुरुष, मध्यम चेहरा, लांबचं बघायला'. गाठ बसेना. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा काउंटरवरचीनं गाठीवर बोट धरलं तेव्हा बसली.

पेटीत ठेवताना काड्या नीट मिटल्या. बाहुलीचा चष्मा नेमका त्याच्या शेजारी आला. तो मी उचलून दुसरीकडे टाकला.

२४ डिसेंबर

पेटी गेली. ट्रकवाल्यानं एका हातानं उचलली. आम्ही चौघांनी दारात उभं राहून फोटो काढला. शोकेसमध्ये परत महागड्या फ्रेमा.

२६ डिसेंबर

दुकान अर्धा दिवस. गिऱ्हाईक नाही. मॅडम बाहेरगावी गेल्या, किल्ली माझ्याकडे. भिंतीवरचे फोटो नवीन वर्षात काढू म्हणाल्या. मी दिवसभर माझ्या फोटोकडे पाठ करून बसले.

२७ डिसेंबर, शनिवार

सासूबाई डबी पुसतात. मी पेपर वाचायचं सोंग करते.

डबी हलकी लागत नसेल त्यांना? रोज हातात घेतात! वर फुंकर मारतात, कोपरे पुसतात, उचलून खालची धूळ काढतात आणि परत तशीच तिरकी ठेवतात. आज जरा थांबल्या हातात घेऊन. मी पेपर तोंडापुढे धरला. मग म्हणाल्या, "थंडी वाढली नाही का गं?" आणि ठेवून दिली.

सांगून टाकायला हवं. उद्या सांगते.

२८ डिसेंबर, रविवार

नाही सांगितलं.

फोन आला. सासूबाई गॅलरीत, दार बंद. आज त्या कमी बोलत होत्या, ऐकतच होत्या जास्त. आत आल्या तेव्हा नाक लाल. थंडीनं असेल. फडका न घेताच माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुझा फोन चालू असतो ना गं? बिघडलेला नाही ना?"

"चालूच आहे. का?"

"काही नाही. चार्ज करून ठेवत जा."

म्हातारपण झालं. उगाच काहीतरी विचारत बसतात.

३१ डिसेंबर

वर्ष संपलं. मेलं एकदाचं. सासूबाई लवकर झोपल्या. मी पुढच्या वर्षी पेटीत काय देऊ, ह्याचा विचार करत होते. आता घरात काहीच उरलं नाही, हे एक बरंय. पुढच्या डिसेंबरात कुणी मागायला येणार नाही.

१ जानेवारी, गुरुवार

सकाळी फोन वाजला. माझा. अनोळखी नंबर.

"मी बोलतोय."

मागे कुठेतरी ट्रक मागे घेताना वाजते ती पीं पीं. मग म्हणाला, "खोक्यांवरचं वाचता येत नाही गं मला. काल भलत्याच गाडीत माल चढवला."

मी चालू नळ बंद केला.

"आई दर रविवारी सांगते. डबी तिथंच आहे, तू हलवू देत नाहीस म्हणून. मला वाटलं, उगाच सांगते माझी समजूत काढायला." परत पीं पीं. "खरंच आहे का अजून?"

सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या होत्या. एका हातात फडका, दुसऱ्या हातात ती रिकामी डबी. नंबर मला पाठ होता, आणि दुकानाची किल्ली माझ्याकडेच.

"आहे," म्हटलं. "ये."